ऊब विकत घ्यावी की राखावी?

नाशिक जिल्ह्यात निफाडच्या बाजूस पौष महिन्यातील पहाटे कोणी गेला, तर त्यास द्राक्षांच्या बागांतून ठिकठिकाणी शेकोट्या पेटलेल्या दिसतील. पारा पाच अंशांच्या खाली उतरू लागला म्हणजे द्राक्षमण्यांस तडे जातात, वेलीची वाढ खुंटते, आणि वर्षभराच्या कष्टांचे मोल एका रात्रीत उतरते. म्हणून बागाईतदार रात्र जागून काढतो, बागेत धूर करतो, विहिरीचे पाणी वेलींच्या मुळाशी सोडतो आणि दोन-चार अंशांची ऊब कशीबशी राखतो. यात गैर काहीच नाही; हाताशी आलेल्या पिकाचे रक्षण करणे हे शहाणपणच होय. परंतु त्याच बागेच्या बांधावर पत्र्याच्या खोपटात मजुराचे जे मूल कुडकुडत असते, त्याच्या उबेचा हिशेब कोणी मांडला आहे काय? आणि मजुराचे राहू द्या; आमच्या शहरांतून चार पैसे बाळगून असलेली जी कुटुंबे आहेत, त्यांनी तरी आपल्या घरातील उबेचा विचार कधी हिशेबाने केला आहे काय?

महाराष्ट्र हा उष्ण देश, येथे थंडी ती कितीशी, असा आपला एक जुना समज आहे. या समजापायी आपण घरे बांधतो ती पावसाच्या आणि उन्हाच्या भीतीने. थंडीसाठी वेगळी तजवीज करावी असे कोणाच्या मनातही येत नाही. किनाऱ्यालगतच्या कोकणपट्टीस हा समज बऱ्याच अंशी शोभेल. घाटमाथ्यावर, खानदेशात, मराठवाड्यात आणि वऱ्हाड-नागपुरात तो मुळीच शोभत नाही. ज्या नागपूरचे नाव काढताच उन्हाळा आठवतो, त्याच नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशी रात्र म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि दमेकरी यांना किती जड जाते हे ज्यांच्या घरात अशी माणसे आहेत त्यांस सांगावयास नको. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि दुबळ्या हृदयावर ताण पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत थंडीच्या दिवसांत घरातील हवा किमान १८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये असे म्हटले आहे. आमच्या किती घरांत पहाटे चार वाजता हा आकडा भरेल, हे वाचकांनी स्वतःच पाहावे.

मग उपाय कोणता? येथेच आम्हांस वाचकांशी दोन शब्द स्पष्टपणे बोलावयाचे आहेत. थंडी पडली म्हणजे आपल्या मनात प्रथम येते ते काहीतरी जाळावयाचे: लाकूड, कोळसा नाहीतर वीज. म्हणजे ऊब ही बाजारातून आणावयाची वस्तू आहे, आणि ज्याच्या गाठीस पैसा त्यास ती मिळेल, असे आपण धरून चालतो. ही समजूत निम्म्याहून अधिक चुकीची आहे. उबेचा पुरवठा आपल्या घरात रोज फुकट होत असतो. दिवसभर ऊन भिंतींवर तापते, चुलीचा ताव स्वयंपाकघरात राहतो, आणि निजलेला प्रत्येक मोठा माणूस सुमारे सत्तर-ऐंशी वॅटची उष्णता आपल्या अंगातून रात्रभर बाहेर टाकीत असतो. उणीव आहे ती या उबेस घरात राखण्याची. फुटक्या रांजणात पाणी भरणाऱ्याने आणखी पाण्यासाठी पैसे मोजावे, की आधी रांजण लिंपून घ्यावा?

रांजण लिंपण्याचे सोडून विस्तवाच्या मागे लागल्याने केवढा अनर्थ होतो, हे आधी सांगणे आमचे कर्तव्य आहे. दर हिवाळ्यात देशात कोठे ना कोठे बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही, अशी बातमी येते. लोक हळहळतात, नशिबास बोल लावतात आणि दुसऱ्या रात्री तेच करतात. नशिबाचा येथे काहीएक संबंध नाही. कोळसा जळताना त्यास पुरेशी हवा मिळाली नाही म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही आणि त्याने डोळेही झोंबत नाहीत. रक्तातील जे हिमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायू वाहून नेते, त्यास हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीर आतून गुदमरते. निजलेल्या माणसास त्याची जाणीवही होत नाही. यात सर्वांत घातक गोष्ट अशी की, आमच्या घरांतून नेमके धूर संपल्यावर निखारे आत घेण्याची चाल आहे. ‘धूर गेला, आता भीती नाही’ असे आजीबाई सांगतात. परंतु लाल फुललेल्या, बिनधुराच्या लोणारी कोळशातूनच हा वायू भरपूर निघत असतो. धूर निदान माणसास खोकावयास लावून बाहेर तरी काढतो. निखारा तेवढीही सूचना देत नाही. बंद न्हाणीघरात लावलेले गॅसचे बंबही याच कारणाने घात करतात, हे शहरवासीयांनी विसरू नये.

यासाठी नियम एकच आणि तो अपवादावाचून पाळावयाचा: ज्या खोलीत माणसे निजणार, तेथे जळते काहीही ठेवू नये. शेकावयाचे तर अंगणात किंवा ओसरीवर शेकावे आणि निजताना निखारे बाहेरच पाण्याने विझवावे. खोलीत विस्तव असता दोघांतिघांस एकदम डोकेदुखी, घेरी किंवा मळमळ होऊ लागली, तर ती थंडीची बाधा न समजता दारे-खिडक्या सताड उघडून सर्वांस मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे प्राणवायू मिळाल्यास जीव वाचतो.

या संदर्भात बाळंतिणीच्या खोलीविषयी बोलल्यावाचून आमच्याने राहवत नाही. बाळंतिणीस वारा लागू नये म्हणून खिडक्यांच्या फटींत बोळे कोंबावयाचे, दारास जाड पडदा लावावयाचा, बाजेखाली शेगडी सरकवावयाची आणि वर ओवा, शेपा टाकून धुरी द्यावयाची, ही चाल अजून पुष्कळ घरांतून मोठ्या निष्ठेने पाळली जाते. जी खोली सर्वांत घट्ट बंद, तीतच विस्तव. आणि त्या विस्तवाशेजारी घरातील सर्वांत कोवळे फुप्फुस! बाळ-बाळंतिणीस ऊब हवी, हा वडील बायकांचा हेतू अगदी योग्य आहे. आजचे वैद्यकशास्त्रही तेच सांगते. दोष आहे तो साधनात. त्यावरचा उपाय तर शेगडीहून स्वस्त आहे. कोलंबिया देशातील बोगोटा शहरी १९७८ च्या सुमारास एदगार रे नावाच्या डॉक्टरांपुढे कमी वजनाच्या बालकांसाठी उबेच्या पेट्या पुरेनात असा प्रसंग आला, तेव्हा त्यांनी ती बालके आईच्या उघड्या छातीशी, त्वचेस त्वचा लावून बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. ती इतकी गुणकारी ठरली की, जागतिक आरोग्य संघटना आज तिचा जगभर पुरस्कार करीत आहे. लेकरास पोटाशी घेणे हे आमच्या आयांस कोणी शिकवावे लागत नाही. आईच्या अंगाशी बाळ, डोक्यास टोपडे, दोघांवर मिळून एक कोरडी दुलई आणि खोलीत शुद्ध हवा, एवढे केले म्हणजे बाजेखालच्या शेगडीस खुशाल रजा द्यावी.

कोळसा नको तर वीज वापरू, असे सधन वाचक म्हणतील. त्यांनी थोडा हिशेब करून पाहावा. एक किलोवॅटचा हीटर रात्रीचे आठ तास चालला तर आठ युनिटे जळतात. महिन्याची २४० झाली. युनिटास आठ रुपये धरले तरी १,९२० रुपये होतात, आणि वापर वाढला की दराची पायरीही चढते ती निराळीच. छप्पर उघड्या पत्र्याचे असेल, तर यांतील बराच पैसा आकाश तापविण्यात जातो. याच्या उलट, दोन लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापवून रबरी पिशवीत भरले आणि ती फडक्यात गुंडाळून पायांशी ठेवली, तर त्यास विजेचे युनिट जेमतेम बाराव्या हिश्शाने लागते. म्हणजे खर्च एक रुपयाहूनही कमी. खोलीभर हवा तापवावयाची की अंथरुणातला माणूस, हा विवेक एवढा फरक घडवितो.

आता राखण्याच्या उपायांकडे वळू. ऊब राखणारी खरी वस्तू म्हणजे कोंडलेली स्थिर हवा. विटेतून जेवढी उष्णता वाहते, तिच्या पंचविसाव्या हिश्शाइतकीही स्थिर हवेतून वाहत नाही. आपली गोधडी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक घालून टाके घातले की त्या थरांमध्ये हवा अडकते आणि ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी किंचित दमट झाली तरी ऊब धरून राहते. परंतु आपण एक चूक सर्रास करतो: पांघरावयास दोन आणि अंथरावयास एक पातळ सतरंजी. शहाबादी फरशीवर निजणाऱ्याची निम्मी ऊब खालची फरशीच पिऊन टाकते. दोन गोधड्या असतील तर एक खाली घालावी. बाजेवर निजणाऱ्यानेही अंगाखाली जाड थर घ्यावा, कारण तिच्या विणीतून गार हवा थेट पाठीस लागते. गोधडीही नसेल तर गोणपाट आणि त्यावर जुन्या वर्तमानपत्रांचे पाच-सहा थर चालतील. वाचून झालेल्या आमच्या अंकाचा यापरता सदुपयोग आम्हांस तरी सुचत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण खर्चाविषयी आहे खरी, पण थंडीत ती अक्षरशःही पाळण्याजोगी आहे.

दुसरी गोष्ट फटींची. तीन फूट रुंद दाराखाली एक सेंटिमीटरची फट राहिली, तर ती भिंतीस तळहाताएवढे भोक पाडल्यासारखी होते. वाळू किंवा लाकडाचा भुसा भरलेली कापडी वळकटी रात्री दाराशी लावून ठेवावी, वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्यांस जाड पडदा असावा. मात्र ज्या खोलीत काही जळते तेथे फटी बुजवू नयेत, आणि निजावयाच्या खोलीतही वरचा झरोका थोडा उघडा असावा. कोंदट हवेत ओल धरते व रोग वाढतात.

तिसरा उपाय उन्हाचा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो; २२ डिसेंबरच्या सुमारास नाशिक-नागपूरकडे तो भर दुपारीही ४६ अंशांच्या आसपासच उंच असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन घरात खोलवर येते. उन्हाळ्यात तोच सूर्य डोक्यावर, जूनमध्ये तर किंचित उत्तरेस असल्याने ती खिडकी त्रास देत नाही. सकाळी दहापासून तीनपर्यंत दक्षिणेच्या खिडक्या उघड्या टाकाव्या, अंथरुणे उन्हात घालावी आणि ऊन उतरताच सर्व बंद करावे. याच तत्त्वाचा पुरता उपयोग केला तर काय साधते, हे पाहावयाचे असेल तर आपल्याहून कितीतरी कडक थंडीच्या लडाखकडे पाहावे. लेहजवळ फे या गावी मुलांच्या शिक्षणासाठी उभारलेल्या संस्थेच्या इमारती जाड मातीच्या असून त्यांस दक्षिणेकडे काचा आहेत. बाहेर पारा शून्याखाली कितीतरी उतरला तरी दिवसा मातीत साठलेल्या उन्हावर त्या खोल्या रात्र काढतात. जे तेथे साधते, त्याचा चौथा हिस्सा आपल्याकडे साधण्यास अडचण कोणती?

अडचण आहे ती छपरात, आणि हाच आमच्या मते सर्व प्रश्नाचा गाभा आहे. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा उष्णतेस मुळीच अडवीत नाही. निरभ्र रात्री तो आपली उष्णता उघड्या आकाशाकडे फेकतो आणि बाहेरच्या हवेहूनही गार होतो; म्हणून पहाटे त्याच्या आतल्या बाजूस दव जमून निजलेल्यांच्या तोंडावर थेंब पडतात. मराठवाडा-खानदेशातील जुन्या माळवदांत हा दोष नव्हता. हातभर मातीचे छप्पर आणि दोन हात रुंद भिंती दिवसाचे ऊन रात्रीपर्यंत धरून ठेवीत. परंतु जुने ते सारे सोने असे म्हणावयास आम्ही तयार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हा याच जड माळवदांखाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. त्यानंतर लोकांनी हलक्या पत्र्याकडे धाव घेतली असेल तर त्यांस दोष कोण देईल? माळवदाची ऊब हवी आणि त्याचा भार नको, असा मार्ग शोधणे हेच आजचे काम आहे.

तो मार्ग साधा आहे. पत्र्याच्या खाली हात-दीड हात अंतर सोडून दुसरे छत घालावे. ते बांबूच्या तट्ट्यांचे असो, फळ्यांचे असो की बारदान शिवून ताणलेले असो. मधली कोंडलेली हवा आपले काम करते. तट्ट्यांवर मातीचा पातळ गिलावा दिला तर ठिणगीचे आणि उंदरांचे भय कमी होते. चूल ज्या खोलीत असेल तेथे बारदान मुळीच वापरू नये. जुन्या वाड्यांतून तक्तपोशी असे, ती केवळ शोभेसाठी नसे. आणि व्यापारी वाचकांस आम्ही विशेष करून सांगू इच्छितो की, या खर्चास दुहेरी व्याज मिळते. जे छत पौषात आतील ऊब बाहेर जाऊ देत नाही, तेच वैशाखात तापल्या पत्र्याची धग खाली येऊ देत नाही. एका भांडवलावर दोन हंगाम चालणारा असा धंदा बाजारात सहसा सापडत नाही.

येथवर घरधन्याच्या हातातील गोष्टी सांगितल्या. आता थोडे न्यायाविषयी. एका छपराखालीही ऊब सर्वांस सारखी मिळते असे नाही. घरातील जाड रजई कोणाच्या वाट्यास जाते? पाहुण्यास, कर्त्यास, मग मुलग्यांस. आणि जी सून सर्वांआधी उठून गार पाण्यात हात घालते, तिच्या वाट्यास उरलेली चादर येते. म्हाताऱ्या वडिलांचे अंथरूण ओसरीवर टाकलेले असते, कारण ‘त्यांस आत करमत नाही’. वस्तुतः वार्धक्यात शरीरास थंडीची जाणीव आणि हुडहुडी भरण्याची शक्ती दोन्ही कमी होतात. ते तक्रार करीत नाहीत म्हणून त्यांस थंडी नाही असे समजणे निष्ठुरपणाचे आहे. पेढीच्या ओट्यावर निजणारा नोकर आणि बाजार समितीच्या आवारात रात्र काढणारा हमाल ही माणसे तर कोणाच्याच हिशेबात नसतात.

आणखी पुढे जाऊन पाहा. ऊस गाळपाचा हंगाम नेमका हिवाळ्यातच चालतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून निघालेली तोडणी मजुरांची कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात बांबू, तट्ट्या आणि उसाचे पाचट यांच्या कोप्यांत तान्ह्या मुलांसह थंडीचे महिने काढतात. कारखान्याच्या ताळेबंदात उसाच्या प्रत्येक टनाची नोंद असते. त्या कोपीच्या उबेची नोंद कोणत्या खात्यावर आहे? संचालक मंडळींनी प्रत्येक कोपीस एक जलरोधक ताडपत्री, जमिनीवर घालण्यास जाड थर आणि माणशी एक घोंगडी दिली, तर कारखाना बुडणार नाही. पत्र्याच्या चाळींचे भाडे दरमहा वसूल करणाऱ्या मालकांस तर छत घालून देणे बंधनकारक असले पाहिजे, आणि नगरपालिकांनी बांधकामाच्या व घरकुलांच्या नकाशांस मंजुरी देताना छपराखालच्या छताची विचारपूस केली पाहिजे. ज्यांस घरच नाही त्यांच्यासाठी मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक निवारा असावा, अशी दिशा सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिलेली आहे. आपल्या शहरात असे निवारे किती आहेत, हे नागरिकांनी आपापल्या नगरसेवकास विचारावे.

कोणी म्हणेल, थंडी काय चार दिवसांची. ती निघून जाईल. खरे आहे, थंडी जाते. परंतु त्या चार दिवसांत जो म्हातारा गेला, जे मूल फुप्फुसाच्या दाहाने दगावले, ते परत येत नाही. दुसरे कोणी म्हणेल, आम्ही दरवर्षी घोंगड्या वाटतो. वाटणाऱ्यांस आमचे धन्यवाद. गाडगेबाबांनी आपल्या दशसूत्रीत उघड्यास वस्त्र आणि बेघरास आसरा या दोन्ही गोष्टी सांगितल्या. आपण पहिली तेवढी उचलली, कारण ती छायाचित्रासह एका सकाळी उरकता येते. दुसरीस छपराचा, भाड्याचा आणि मजुरीच्या अटींचा विचार करावा लागतो, म्हणून ती मागे पडली.

तेव्हा आमचे मागणे एवढेच आहे. मार्गशीर्ष लागण्यापूर्वी प्रत्येक गृहस्थाने एका रात्री आपल्या घरातून फिरून पाहावे: वारा कोठून येतो, कोणाच्या अंगाखाली काय आहे, शेगडी कोठे ठेवली जाते, छपरास आतून हात लावला तर किती गार लागते. जे दोष दिसतील त्यांतील बहुतेक चार दिवसांच्या मजुरीने आणि घरात पडलेल्या जिनसांनी दुरुस्त होण्याजोगे आहेत. आणि आपले घर नीट झाल्यावर ज्याच्या छपराची दोरी आपल्या हाती आहे, मग तो भाडेकरू असो, नोकर असो की मजूर असो, त्याच्याही घरात एकदा त्याच नजरेने जाऊन यावे.